मधमाशी फुलावर कशाला जाते? बालवाडीच्या अंगणात परागीभवन खेळायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या एका बालवाडीत चार ते सहा वयाची पंचवीसेक मुलं आहेत. तिथल्या ताईंनी मधमाशी आणि परागीभवन हा विषय चित्रं दाखवून, व्हिडिओ लावून, गाणं म्हणून घेऊन शिकवला. मुलांना सगळं तोंडपाठ झालं. पण आपल्या शब्दांत सांगा म्हटलं की उत्तर येतं, "मधमाशी फुलातला मध काढते आणि चावते." एका मुलाला मागे माशी चावली होती, तो विषय निघाला की रडकुंडीला येतो. आता बसून शिकवणं नको, अंगणात पळापळ करत शिकता येईल असं काही हवं आहे, आणि विकत आणायला पैसे नाहीत.

ताई, मी बरीच वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर निसर्गाचे खेळ घेते, घरी सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, पेट्याही आहेत. तुमच्या मुलांचं उत्तर मी जवळजवळ प्रत्येक शाळेत ऐकते. त्यात मुलांचा दोष नाही. त्या एका वाक्यातून दोन गोष्टी सुटल्या आहेत. एक, फुलात मध नसतोच, मकरंद म्हणजे गोड रस असतो आणि त्याचा मध पोळ्यात होतो. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे या सगळ्यात फुलाला काय मिळालं, याचा पत्ताच नाही.

ही दुसरी गोष्ट शिकवायला अवघड आहे, कारण मधमाशी परागीभवन करायला जात नाही. ती आपल्या आणि घरच्यांच्या पोटासाठी जाते. तिच्या अंगावर दाट लव असते, त्या लवेला पराग, म्हणजे फुलातली पिवळी भुकटी, चिकटतात आणि पुढच्या फुलात ते झडतात, मग तिथे फळ धरतं. हेच परागीभवन. म्हणजे फुलाचं काम नकळत होऊन जातं. चार वर्षांच्या मुलाला हे 'नकळत' समजणं कठीण जातं. त्याच्या गोष्टींमधला प्रत्येक प्राणी जे करतो ते ठरवून करतो: चांगली मधमाशी फुलांना मदत करते, वाईट मधमाशी चावते. आपण घेतो ते खेळही हेच पक्कं करतात. या टोपलीतला पिवळा गोळा उचल आणि त्या टोपलीत नेऊन टाक, हाच पराग! मूल पळतं, मजा येते, पण मधमाशी ही पराग पोचवणारी पोस्टमन आहे एवढंच त्याच्या मनात बसतं.

म्हणून खेळ निवडताना माझी एकच कसोटी असते. खेळणाऱ्याचं लक्ष मकरंदावर हवं आणि पराग त्याला न सांगता, न कळता लागला पाहिजे. जमलं तर शब्द नंतर शिकवता येतात.

(वयाने मोठ्या माश्या पराग मुद्दामही गोळा करतात, मागच्या पायांवरच्या टोपल्यांत भरून पिल्लांसाठी नेतात. सहाच्या आतल्या मुलांना मी हे आपणहून सांगत नाही. पण एखाद्याने माशीच्या पायावरचे पिवळे गोळे पाहिले आणि विचारलं, तर खरं ते सांगते: तो बाळांचा डबा आहे.)

सगळं सगळीकडे सारखं चालत नाही, हेही आधीच सांगते. साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना खालचा पहिला खेळ अर्धाच झेपतो. पाच-सहाची मुलं पूर्ण खेळतात आणि वर नियमही बदलून देतात. अंगण शेणाने सारवलेलं आहे की फरशीचं, सोबत मदतनीस आहे की तुम्ही एकट्याच, पावसाळा आहे की हिवाळा, यावरही बरंच अवलंबून आहे. एकट्या असाल तर पंचवीस मुलांना एकदम माश्या करू नका. एक तिसरा हिस्सा माश्या, एक तिसरा हिस्सा भोपळे (ते कसे, हे खाली येतंच), उरलेली पोळ्यात, आणि दर फेरीला अदलाबदल.

आता तो खेळ. घरोघरचे उभे डबे मागवा, आठ-दहा पुरेत. लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जाईल इतके खोल आणि काठ धारदार नसलेले. प्रत्येकाच्या तळाशी मकरंद म्हणून बाटल्यांची झाकणं टाका. चिंचोके सुंदर दिसतात, पण ते या वयाच्या मुलांच्या तोंडात आणि नाकात जातात, म्हणून मी वापरत नाही. निम्म्या डब्यांच्या काठाला आतून जुन्या सुती कापडाची पट्टी लावून तिच्यावर मक्याचं पिवळं पीठ भुरभुरा. ही नरफुलं. उरलेल्या डब्यांच्या काठाला काळ्या कापडाची ओलसर पट्टी लावा. ही मादीफुलं. काळ्या ओल्या कापडावर पिवळं पीठ लगेच दिसतं आणि चिकटूनही राहतं. मुलांच्या हातात जुन्या स्वेटरच्या कापलेल्या बाह्या किंवा पंजा कापलेले लोकरी मोजे चढवा. हा माशीचा केसाळ हात. रांगोळी वापरू नका, ती दगडाची भुकटी आहे, डोळ्यात गेली तर त्रास होतो. हळदीने कपडे खराब होतात आणि पालक नाराज होतात. कुणाला दम्याचा त्रास असेल तर त्याला पिठाच्या डब्यांपासून लांब, पोळ्यातलं काम द्या.

मुलांना सांगायचं ते इतकंच: "तुम्ही मधमाश्या. पोळ्यात सगळ्यांना भूक लागली आहे. एका फुलातून एकच थेंब घ्यायचा, तीन फुलांवर जायचं, मग घरी परत." पिठाचं नावही काढू नका. खरी माशीसुद्धा एका खेपेत पुष्कळ फुलांवर जाते, पण इथे तीनचा नियम मुख्यतः आपल्या सोयीसाठी आहे: तीन डब्यांत नर आणि मादी दोन्ही लागण्याची शक्यता मोठी. खऱ्या भोपळ्याच्या फुलात परागाचा दांडा मधोमध असतो आणि आपल्या डब्यात तो काठावर आला आहे. या वयाला एवढा फरक चालतो.

प्रत्येक काळ्या पट्टीच्या डब्याशेजारी एक मूल अंग मुडपून बसेल. तो फुलाखालचा इवलासा भोपळा. पट्टीवर पिवळं दिसू लागलं की त्याने हळूहळू फुगायचं: गाल, मग हात, मग उभं राहून अख्खा भोपळा. मुलांना माशी होण्याइतकंच भोपळा होणं आवडतं, काहींना जास्तच. एक डबा मात्र मी कोपऱ्यात, ताट झाकून ठेवते आणि त्याच्याशेजारी भोपळा म्हणून स्वतः बसते. तिथे मुलाला बसवू नका, सगळे फुगत असताना एकट्याने आक्रसून बसणं लहान मुलाला लागतं. थोड्या वेळाने कुणीतरी येऊन विचारतंच, "ताई, तुमचा भोपळा का होत नाही?" मी म्हणते, "काय माहीत. तुम्हीच बघा." इथून शिकणं सुरू होतं.

पंधराएक मिनिटांनी "ऊन चढलं!" म्हणून हाक द्यायची. सगळ्या फुलांवर ताटं पडतात आणि माश्या घरी. लाल भोपळ्याचं फूल खरंच पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटतं, तेव्हा ही घाई खोटी नाही. जिंकलं कोण हे मोजू नका. झाकणं सगळ्यांची एकाच गाडग्यात पडली पाहिजेत, पोळ्यात कुणाचा वेगळा मध नसतो.

मग गोल बसून गप्पा. प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. "तुम्ही काय आणायला गेला होतात?" सगळे ओरडतात, झाकणं. "मग या काळ्या पट्टीवर हे पिवळं कुणी आणलं?" इथे सगळे गप्प होतात. कुणी म्हणतं ताईंनी, कुणी म्हणतं वाऱ्याने. घाई करू नका. थोड्या वेळाने एखादं मूल आपल्या बाहीकडे बघतं, मग शेजाऱ्याच्या. तुम्ही दहा वेळा सांगून जे पोचत नाही ते त्या बाहीवर दिसतं. "मी आणलं? पण मी तर झाकण आणायला गेलो होतो!" एवढं त्याच्या तोंडून आलं की त्या दिवसाचं काम झालं. पराग हा शब्द तेव्हा द्या, आधी नको.

पाच-सहाच्या मुलांसाठी दुसऱ्या दिवशी एक भर घाला: काही डब्यांना मक्याऐवजी तांदळाचं पांढरं पीठ लावा. पांढरं म्हणजे काकडी. काकडीचे पराग भोपळ्यावर पडले तर भोपळा धरत नाही. आता मुलांना माशीची सवय सांगा: एका खेपेत ती शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. ती झाडासाठी असं करत नाही, ओळखीच्या फुलात मकरंद काढणं तिला सोपं जातं म्हणून करते. झाडाचं त्यात भलं होतं. पुन्हा तेच सूत्र, फक्त एक पायरी वर.

मकरंदाचा मध कसा होतो, यासाठी रुमाल ओले करा. बाहेरून आलेली माशी पोळ्यातल्या माशीला ओला रुमाल देते, ती पुढचीला, आणि शेवटी सगळ्याजणी मिळून रुमाल वाळेपर्यंत हलवतात. पोळ्यात नेमकं असंच चालतं: मकरंद एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो, त्यात माश्यांच्या लाळेतले पाचक रस मिसळतात आणि पंखांच्या वाऱ्याने पाणी उडून जातं. तयार मधात पाणी साधारण पाचव्या हिश्श्याइतकंच राहतं. हात दुखेपर्यंत रुमाल हलवलेलं मूल "फुलातला मध" असं पुन्हा सहसा म्हणत नाही. खेळानंतर चमचाभर मध चाखायला द्यायचा असेल तर जरूर द्या, पण कुणाचं वर्षाच्या आतलं भावंड सोबत आलं असेल तर त्याला मध बिलकुल नको.

नाच सगळ्यांना हवा असतो, म्हणून त्याबद्दल. मधमाशी नाचून दिशा आणि अंतर सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडलं. १९७३ चं नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत ते होते. सातेरी आणि मेलिफेरा (पेटीत पाळली जाणारी परदेशी मधमाशी) अंधाऱ्या पोळ्यात, उभ्या पोळीवर नाचतात. तिथे सरळ वर म्हणजे सूर्याची दिशा, आणि सूर्यापासून फूल जितकं बाजूला तितका नाचाचा कोन. हे चौथी-पाचवीच्या आधी शिकवू नये, मुलं गोंधळतात. पण आपल्याकडे झुडपात, कुंपणात छोटं उघडं पोळं करणारी फुलोरी माशी पोळ्याच्या माथ्यावर, आडव्या जागेत नाचते आणि नाचताना सरळ फुलांच्याच दिशेला तोंड करते. म्हणजे अंगणातल्या मुलांनी फुलोरी व्हायचं! एक मूल लपवलेलं फूल पाहून येतं, त्या दिशेला तोंड करून कंबर हलवत सरळ चालतं, मग वळून परत मूळ जागी येतं आणि पुन्हा तसंच. फूल लांब असेल तर कंबर जास्त वेळ हलवायची. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. बाकीच्यांनी बघून फूल शोधायचं. हा नाच सोपा केलेला असला तरी खोटा नाही, म्हणून मला तो फार आवडतो.

वांग्याचाही एक खेळ आहे. वांग्याच्या फुलातले पराग पुंकेसराच्या, म्हणजे पराग तयार होणाऱ्या भागाच्या, टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतात, मीठदाणीतून मीठ पडावं तसे. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी ते फूल घट्ट धरून गुणगुणते, त्या थरथरीने पराग झडतात. आपल्या मधमाशीला हे जमत नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत रवा भरून द्या. नुसती आडवी धरली तर फारसं काही पडत नाही, गुणगुणत हलवली की पडतो. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण परागीभवन करणारी एकटी मधमाशीच नाही हे त्यातून सहज पोचतं.

खेळाच्या जोडीला खरी वेल लावाच. जूनमध्ये अंगणाच्या कडेला लाल भोपळ्याच्या चार बिया टाका. साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं येतात, आधी बहुतेक नरफुलंच, तेव्हा भोपळे का धरत नाहीत म्हणून घाबरू नका. मादीफुलाच्या खाली कळीतच इवला भोपळा दिसतो. खेळलेल्या मुलांना तो लगेच ओळखू येतो. मग तीन मादीकळ्या निवडा. उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक आदल्या संध्याकाळी पिवळसर दिसतं. एक तशीच मोकळी ठेवा. दोन मलमलच्या पिशवीने बांधून टाका. सकाळी त्या दोनांपैकी एकीची पिशवी सोडून मुलांच्या हातून नरफुलाचा दांडा तिच्या मधोमध फिरवा आणि पुन्हा बांधा. दुसरीला हात लावू नका. फुलं मिटली की पिशव्या काढा. आठवडाभरात अस्पर्श राहिलेला इवला भोपळा पिवळा पडून गळतो. हाताने पराग लावलेला सहसा वाढतो. मोकळा वाढला तर माश्या येऊन गेल्या, गळला तर माश्या कमी आहेत किंवा वेल अशक्त आहे. पावसाच्या झडीत माश्या बाहेर पडत नाहीत आणि परागही भिजतात, म्हणून उघडीप बघून करा, आणि एकदा फसलं तर दुसऱ्या फुलांवर पुन्हा. दुधी आणि दोडका या प्रयोगाला घेऊ नका. त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मुलं घरी गेलेली असतात.

आता त्या मुलाबद्दल. त्याला माशी व्हायला लावू नका. त्याला पोळ्याच्या दारावरचा पहारेकरी करा. खऱ्या पोळ्याच्या दारात पहारेकरी माश्या असतात आणि त्या येणाऱ्याचा वास घेऊन आपली कोण, परकी कोण हे ओळखतात. आपल्या माश्यांच्या बाह्यांना ओवा चोळा, एक-दोघांच्या बाह्यांना काहीच नको. पहारेकऱ्याने वास घेऊन आत सोडायचं की नाही ते ठरवायचं. माशी नांगी मारते ती घर राखायला, हे त्याला आतून कळतं, आणि भीतीच्या जागी कामाचं महत्त्व येतं. वेळ लागतो, काही मुलं दोन-तीन खेपा फक्त बघतात. बघू द्या. "मधमाशी धावून येते, पळा पळा, नाहीतर चावेल" असा पकडापकडीचा खेळ मात्र घेऊ नका. त्यातून भीती तेवढी पक्की होते.

सुरक्षिततेचे नियम दोन आहेत आणि ते वेगवेगळे शिकवावे लागतात. फुलावरची एखादी माशी जवळ आली तर झाड व्हायचं: हात खाली, हालचाल नाही. याचाही खेळ होतो. पण आग्या मोहोळ उठलं तर उभं राहायचं नाही, तोंड झाकून घरात किंवा वर्गात पळायचं आणि दार लावायचं. दोन्ही नियम एकाच दिवशी देऊ नका, मुलं उलटसुलट करतात. शाळेच्या इमारतीवर किंवा जवळच्या झाडावर आग्याचं पोळं असेल तर खेळ त्या बाजूला नको, आणि दगड मारणाऱ्या मोठ्या मुलांना आवरायला गावातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. माशी चावलीच तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा आणि गार पाण्याची पट्टी ठेवा. चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना. कुणाला आधी असा त्रास झाला आहे का, हे पालकांना वेल लावायच्या आधीच विचारा.

सातेरीची पेटी उघडून दाखवावी का, असं पुष्कळजण विचारतात. या वयाच्या पंचवीस मुलांना एकदम, तर नाही. पालकांबरोबर कधी महाबळेश्वरकडे जाणं झालं तर जवळचं मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आहे, तिथे पेट्या बघता येतात. पण त्यावाचून तुमचं काही अडणार नाही.

एक विनंती. "मधमाश्या संपल्या तर माणसं चार वर्षांत मरतील" हे आइन्स्टाइनच्या नावावर फिरणारं वाक्य मुलांना सांगू नका. त्यांनी ते म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. ज्वारी, गहू, तांदूळ यांना मधमाशी लागत नाही. त्याऐवजी मुलांचे डबे उघडा. भाकरीवाल्यांनी एका भिंतीकडे पळायचं, भोपळा, काकडी, कारलं असलेल्यांनी दुसऱ्या. भाकरी माशीशिवाय मिळते, ती भाजी मिळत नाही. कांदा कुठे, यावर मोठ्या मुलांचं भांडण होतं, कारण कांदा वाढायला माशी लागत नाही पण त्याचं बी धरायला लागते. मुलांना धाक दाखवायची गरज नाही, जेवणातला फरक दिसला की पुरतं.

शिकलं की नाही हे बघायला दोन आठवडे जाऊ द्या आणि मग एकेकाला जवळ घेऊन दोन प्रश्न विचारा. मधमाशी भोपळ्याच्या फुलावर कशाला गेली होती? आणि ती गेल्यामुळे भोपळ्याचं काय झालं? दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर त्याला समजलं आहे, मग शब्द मोडके असले तरी हरकत नाही. दोन्हींना "मदत करायला" असं एकच उत्तर आलं, तर बाह्या चढवून डब्यांचा खेळ पुन्हा घ्या, आणि या वेळी त्या मुलाला झाकलेल्या डब्यावरचं ताट काढायचं काम द्या.